चेंडू फेंकतां येणें

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हसूं आलें असेल. मुलांना अक्षरें कशीं शिकवावीं, पाढे कसे शिकवावे, यावर भाषणें होतात. पण लहान मुलांना चेंडू फेंकावयास शिकवावयाचें म्हणजे काय? चेंडू हातीं आला कीं मूल तो फेंकतेंच. पाळण्यांतलें मूल देखील खुळखुळा खालीं टाकतें, आपण तो उचलून दिला कीं पुन्हां टाकतें, आणि आपली कंबर मोडेपर्यंत हा खेळ चालूं ठेवतें. तेव्हां जें निसर्गानेंच शिकविलें आहे, तें शिकविण्याचा खटाटोप हवाच कशाला, अशी शंका कोणालाहि येईल. मलाहि पूर्वीं असेंच वाटत असे. पण बालमंदिरांतल्या मुलांमध्यें बत्तीस वर्षें घालविल्यावर, आणि त्यांतलीं पहिलीं कांहीं वर्षें चुका करण्यांत घालविल्यावर, माझें मत बदललें. तें कसें बदललें, हेंच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम एक नेहमींचें दृश्य डोळ्यांपुढें आणूं या. सायंकाळची वेळ आहे. वाड्याच्या चौकांत म्हणा, किंवा वाडे पडून त्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या आवारांत म्हणा, मुलें लगोरी मांडीत आहेत. सात चपटे दगड एकावर एक रचले आहेत. दोन म्होरके पुढें येऊन आळीपाळीनें गडी वांटून घेत आहेत. एकेक गडी कमी होत जातो आणि शेवटीं एक मूल तेवढें उरतें. ज्याच्या वांट्याला तें येतें, तो म्होरका तोंड वांकडें करतो. खेळ सुरू होतो, त्या मुलाची पाळी येते, आणि चेंडू त्याच्या हातून सुटतो तो लगोरीपर्यंत पोंचतच नाहीं, किंवा भलत्याच दिशेला जातो. हंशा पिकतो. दुसऱ्या दिवशीं तें मूल म्हणतें, "माझें पोट दुखतें." तिसऱ्या दिवशीं तें खालीं उतरतच नाहीं. आणि आई शेजारणीला सांगते, "आमच्या बाळाला मुळीं खेळाची आवडच नाहीं हो!" पोहतां न येणाऱ्या माणसाला पाण्याची आवड नाहीं, असें म्हणण्यासारखेंच हें आहे. त्या बाळाला आवड पुष्कळ आहे. त्याला चेंडू फेंकतां येत नाहीं, एवढेंच. आणि तो कसा फेंकावा, हें त्याला कोणीं शिकविलेलें नाहीं.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक येथें सांगणें मला प्राप्त आहे. मी शिक्षिका म्हणून नवीनच लागलें होतें, तेव्हांची ही गोष्ट. आमच्या वर्गांत पांच वर्षांचा एक मुलगा होता. गोष्ट सांगावी तर त्यानें, चित्र काढावें तर त्यानें. मात्र चेंडूचा खेळ निघाला कीं तो माझ्या पदराआड येऊन उभा राही. मीं मनाशीं ठरविलें, याची भीति मोडावयाची. सर्व मुलांना अर्धवर्तुळांत बसविलें, चार हातांवर एक लहानशी टोपली ठेवली, आणि त्याला पुढें बोलावून त्याच्या हातांत रबरी चेंडू दिला. "हं, नीट नेम धर. कोपर वर घे. पाय असा ठेव. टोपलीकडे पहा. घाबरूं नकोस!" एका श्वासांत पांच आज्ञा! त्यानें हात ताठ केला, डोळे मिटले, आणि चेंडू त्याच्याच पायांशीं आपटला. मुलें हसलीं. मीं म्हटलें, "पुन्हां." पुन्हां तेंच झालें. मग मीं त्याचा हात धरून फेंक दाखवूं लागलें, तों चेंडू निसटून मागें गेला. मुलें हसून लोळूं लागलीं. आणि खरें सांगतें, मलाहि हसूं आवरलें नाहीं. तो रडला नाहीं. त्यानें चेंडू उचलला, माझ्या हातांत आणून दिला, आणि जाग्यावर जाऊन बसला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यानें चेंडूला हात लावला नाहीं. पुढें तो मोठ्या शाळेंत गेला. तेथें तो खेळूं लागला कीं नाहीं, तें मला कळलें नाहीं. पण चेंडू परत देण्यासाठीं पुढें आलेला त्याचा तो हात अजून माझ्या डोळ्यांपुढें येतो.

त्या दिवशीं माझें काय काय चुकलें, हें समजावयास मला बरींच वर्षें लागलीं. तेंच आतां क्रमानें सांगतें.

पहिली गोष्ट ही कीं, फेंकण्याचें सामर्थ्य मनुष्याला जन्मतः मिळतें, कौशल्य मिळत नाहीं. आपल्या खांद्याची ठेवण मोठी विलक्षण आहे. चिंपांझी माकडें दगड, फांद्या फेंकतात. परंतु वेग व नेम या दोन्ही बाबतींत तीं मनुष्याच्या जवळपासहि येत नाहींत. नील रोच व त्यांचे सहकारी यांनीं बेसबॉलच्या खेळाडूंच्या फेंकीचा बारकाईनें अभ्यास करून २०१३ सालीं असें दाखविलें कीं, आपण हात मागें नेतों तेव्हां खांद्याभोंवतींचे स्नायुबंध धनुष्याच्या दोरीप्रमाणें ताणले जातात, आणि हात सोडतांच ती सांठविलेली शक्ति एकदम मोकळी होते. या कामाला लागणारे कंबरेचे, खांद्याचे व दंडाचे फरक मनुष्याच्या पूर्वजांत सुमारें वीस लक्ष वर्षांपूर्वीं एकत्र दिसूं लागतात, असेंहि त्यांचें मत आहे. म्हणजे आपल्या घरांतल्या प्रत्येक बाळाच्या खांद्यावर हें धनुष्य बांधलेलेंच असतें. परंतु गळा जन्मतः मिळाला तरी भाषा कानांवर पडल्याशिवाय येत नाहीं. तसेंच हें आहे. धनुष्य आहे, पण दोरी ओढावयास कोणीं तरी शिकवावें लागतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, हें कौशल्य पायऱ्यापायऱ्यांनीं येतें. मोनिका वाइल्ड या अमेरिकन संशोधिकेनें १९३८ सालीं निरनिराळ्या वयांच्या मुलांच्या फेंकीचीं चलच्चित्रें घेऊन या पायऱ्या नोंदविल्या. तिनें सांगितलेल्या चार पायऱ्या आपणांस आपल्या अंगणांत आजहि पाहावयास मिळतील. दोन-तीन वर्षांचें मूल लक्ष्याकडे तोंड करून उभें राहतें. पाय जमिनींत रोवलेले असतात, आणि कोपर सरळ करून तें चेंडू नुसता पुढें ढकलतें. साडेतीन ते पांच वर्षांच्या सुमारास शरीर वळूं लागतें, पण तें सगळें एकदम, एखाद्या खांबासारखें वळतें, आणि पाय हलत नाहींत. पांच-सहा वर्षांचें मूल पाऊल पुढें टाकूं लागतें. मात्र ज्या हातांत चेंडू असतो त्याच बाजूचें पाऊल तें टाकतें. चौथी पायरी साडेसहा वर्षांनंतरची. या पायरीवर मूल उजव्या हातानें फेंकतांना डावें पाऊल पुढें टाकतें. आधीं कंबर वळते, मग खांदा, मग हात. हीच खरी पक्व फेंक.

पुढील संशोधकांनीं या चित्रांत भर घातली आहे. पाय, धड व हात हे सर्व बरोबरीनें सुधारतातच असें नाहीं. एखाद्याचे पाय पुढच्या पायरीवर गेलेले असतात तर हात मागच्याच पायरीवर असतो. आणि महत्त्वाचें म्हणजे, वय वाढलें म्हणून मूल आपोआप चौथ्या पायरीवर चढतें असें मुळींच नाहीं. तिसऱ्या पायरीवर थांबलेले प्रौढ गृहस्थ व गृहिणी आपणांस पुष्कळ आढळतील. गणपतीच्या दिवसांत आपल्या सोसायटींत प्रौढांची चेंडू फेंकण्याची स्पर्धा ठेवून पहावी, म्हणजे माझें म्हणणें पटेल!

हें विरुद्ध पावलाचें प्रकरण एवढें महत्त्वाचें कां? त्याचा अनुभव प्रत्येकानें स्वतःच घ्यावा. भाषण संपल्यावर आपण उभे राहा, उजवा पाय पुढें ठेवा, आणि उजव्या हातानें जोरानें कांहीं फेंकल्यासारखें करा. कंबर अडल्यासारखी वाटेल. सगळा भार एकट्या खांद्यावर येईल. आतां डावा पाय पुढें ठेवून तेंच करा. पायापासून निघालेला जोर कंबरेंत, कंबरेंतून खांद्यांत, खांद्यांतून कोपरांत आणि तेथून मनगटांत व बोटांत उतरत जातो. आसूड ओढतांना मुठीजवळचा भाग संथ हलतो आणि टोंक तेवढें कडाडतें, तसाच हा प्रकार आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजीं टोकियोच्या मैदानावर नीरज चोप्रा यांनीं ८७.५८ मीटर भाला फेंकून ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें. ती फेंक आपणांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. त्या क्षणीं त्यांचा डावा पाय पुढें जमिनींत कसा घट्ट रोवला गेला होता, तें पुन्हां एकवार निरखून पहावें. पांच वर्षांच्या बाळाला आपणांस शिकवावयाचें आहे तें याचेंच बीज.

आतां प्रत्यक्ष शिकविण्याकडे वळूं. आधीं चेंडूचा विचार करावयास हवा. तो मुलाच्या बोटांत मावला पाहिजे. मोठा चेंडू दिला कीं मूल तो दोन्ही हातांनीं धरतें आणि ढकलतें. मग फेंकण्याची रीत त्याला कशी यावी? त्याचप्रमाणें चेंडू हलका व मऊ असावा. टेनिसचा चेंडू सुमारें ५८ ग्रॅम वजनाचा असतो, तर क्रिकेटचा चामडी चेंडू सुमारें १६० ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हौशी वडील पहिल्या वाढदिवसालाच चामडी चेंडू आणून ठेवतात. तो कपाटांतच शोभतो. लहान मुलासाठीं सर्वांत उत्तम चेंडू घरींच होतो. जुन्या पायमोज्यांत चिंध्या भरून तोंड शिवून टाकावें. किंवा रद्दी कागदाचा बोळा करून त्यावर सुतळी गुंडाळावी. असे दहा-बारा चेंडू करून ठेवावे. एकच चेंडू असला कीं मुलाचा अर्धा वेळ तो शोधून आणण्यांतच जातो. दहा असले कीं एका दमांत दहा वेळां फेंकतां येतें, आणि फेंकणें हें फेंकूनच येतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आपलें बालशिक्षणाचें काम नेलें, तेव्हां महागड्या साधनांच्या ऐवजीं भोंवतालीं मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून त्यांनीं शिक्षणाचीं साधनें उभीं केलीं. तोच धडा आपणहि आपल्या घरीं गिरवावा.

यानंतरची सूचना ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. आरंभीं नेम शिकवूं नये, जोर शिकवावा. माझी सर्वांत मोठी चूक झाली ती येथेंच. चार हातांवर लहानशी टोपली ठेवून "नीट नेम धर" म्हटलें कीं मूल अंग आंखडून घेतें. चेंडू चुकूं नये म्हणून तें पाय हलवीत नाहीं, कंबर वळवीत नाहीं, हात मागें नेत नाहीं. चौथ्या पायरीवर जाऊं पाहणारें मूल आपण होऊन पहिल्या पायरीवर उतरतें. उलट "या भिंतीवर असा फेंक कीं धप्प आवाज झाला पाहिजे" असें म्हणून पहा. त्याच मुलाचें सगळें अंग कामाला लागतें. म्हणून पहिले कांहीं आठवडे मोठी भिंत, जाड पडदा किंवा दोरीवर वाळत घातलेली जुनी सतरंजी हेंच लक्ष्य असावें. त्यावर चेंडू कोठेंहि लागला तरी तो लागलाच! चुकण्याची सोयच ठेवावयाची नाहीं. जोराची रीत अंगवळणीं पडली कीं मग सतरंजीवर खडूनें मोठें वर्तुळ काढावें, आणि तें हळूहळू लहान करीत जावें. लगोरी व टोपली यांची पाळी सर्वांत शेवटीं.

आतां अंगाची रीत. ती चार लहान वाक्यांत सांगतां येते. भिंतीकडे कूस कर. हात मागें ने. पाऊल टाक. फेंक. बस्स! उजव्या हातानें फेंकणाऱ्या मुलानें डावी कूस भिंतीकडे करून उभें राहावें. हात मागें नेतांना कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत यावें. पाऊल टाकावें तें भिंतीच्या दिशेनें. फेंकून झाल्यावर हात मध्येंच थांबूं नये; तो पुढून विरुद्ध बाजूच्या मांडीपर्यंत खालीं यावा. डावखुऱ्या मुलानें हेंच सर्व उलट करावें. त्याच्या हातांतला चेंडू काढून उजव्या हातांत देण्याचा जुना अट्टाहास कृपा करून कोणीं करूं नये.

पण ही चार वाक्यें एका दिवशीं सांगावयाचीं नाहींत. एका वेळीं एकच. पहिल्या आठवड्यांत नुसती कूस. मग चेंडू कसाहि जावो, तिकडे लक्ष द्यावयाचें नाहीं. कूस जमली कीं पाऊल. पावलासाठीं शब्दांपेक्षां खडू बरा. जमिनीवर दोन पावलांच्या आकृति काढाव्या, आणि पुढें जेथें पाऊल पडावयास हवें तेथें एक सूर्य किंवा एक बेडूक काढावा. "बेडकावर पाय दे आणि फेंक" एवढें म्हटलें कीं काम होतें. मूल आपलें व्याख्यान ऐकत नाहीं, तें बेडकावर पाय देतें. त्याचा हात धरून फेंक करवूं नये. दुसऱ्यानें धरलेला हात कांहींच शिकत नाहीं. त्यापेक्षां आपण स्वतः शेजारीं उभें राहून फेंकावें. मूल डोळ्यांनीं जितकें शिकतें तितकें कानांनीं शिकत नाहीं. आणि आजोबांचा चेंडू छताला लागला तर फारच उत्तम. मोठ्यांचेंहि चुकतें, हें पाहून मुलाचें अर्धें भय जातें.

वयाप्रमाणें अपेक्षा ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या मुलाबरोबर जमिनीवर समोरासमोर पाय फांकून बसावें आणि चेंडू घरंगळत सोडावा; तेवढाच खेळ त्याला पुरे. त्यानंतर खालून हात झुलवून चेंडू टाकणें, आणि चार वर्षांच्या सुमारास खांद्यावरून फेंकणें सुरू करावें. दिवसांतून दहा मिनिटें पुष्कळ झालीं. मूल स्वतः थांबूं म्हणेल त्याच्या थोडें आधींच आपण थांबावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं तेंच चेंडू घेऊन आपल्या मागें लागतें. खांदा दुखतो असें तें म्हणालें तर त्याच क्षणीं खेळ बंद करावा; तें ढोंग समजूं नये.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. फेंकणें आणि झेलणें एकदम शिकवूं नये. वडील उत्साहानें मुलासमोर उभे राहतात आणि चेंडूची देवघेव सुरू करतात. मुलाला झेलतां येत नाहीं, चेंडू नाकावर बसतो, आणि दोन्ही विद्यांना एकदमच रामराम ठोकला जातो. झेलण्याचें शिक्षण निराळें. तें फुग्यापासून सुरू करावें. कारण फुगा सावकाश खालीं येतो आणि मुलाला हात पुढें करण्यास वेळ देतो. मग मोठा मऊ चेंडू, आणि मग लहान चेंडू. फेंकण्यासाठीं आरंभापासून लहान चेंडू व झेलण्यासाठीं आरंभीं मोठा, हें सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुष्कळ घोटाळा टळेल.

शिस्तीचाहि प्रश्न आहेच. "अहो, घरांत फेंकाफेंक शिकविली तर काचा शिल्लक राहतील काय?" असें एका मातेनें मला विचारलें होतें. चिंध्यांच्या चेंडूनें काच फुटत नाहीं, हें एक उत्तर झालें. पण खरें उत्तर असें कीं, फेंकण्याची जागा व वेळ ठरवून दिलेलें मूल इतरत्र कमी फेंकतें. दोन नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावे. माणसाकडे व मुक्या जनावराकडे फेंकावयाचें नाहीं. आणि अनेक मुलें असतील तेव्हां सर्वांचे चेंडू संपल्यावर, खूण केल्यानंतरच चेंडू वेंचावयास पुढें जावयाचें. हा दुसरा नियम मोडल्यामुळेंच बहुतेक टेंगळें येतात.

श्रोतेहो, आतां मी ज्या गोष्टीकडे वळत आहें, ती मला विशेष जिव्हाळ्याची आहे. आम्ही तीन भावंडें. दोन भाऊ व मी. घरांत चेंडू एकच, आणि तो भावांचा. संतांच्या गौळणींत व कीर्तनांत चेंडूफळीचा खेळ मीं ऐकला होता. यमुनेच्या डोहांत पडलेल्या कृष्णाच्या चेंडूची कथाहि मला पाठ होती. पण माझ्या वांट्याला काम आलें तें गटारांत गेलेला चेंडू काढून आणण्याचें. मीं तो दुरून टाकूं लागलें कीं भाऊ ओरडत, "फेंकूं नकोस, आणून दे!" कारण मीं फेंकलेला चेंडू पुन्हां गटारांतच जाई. त्यांत त्यांचा दोष नव्हता. पण फेंकावयास मिळत नाहीं म्हणून येत नाहीं, आणि येत नाहीं म्हणून मिळत नाहीं, या चक्रांत माझें बालपण गेलें. पुढें लोक म्हणूं लागले, "मुलींना उपजतच फेंकतां येत नाहीं." आणि तें मलाहि खरें वाटूं लागलें.

तें कितपत खरें आहे? कॅथलीन विल्यम्स व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं मुलग्यांना व मुलींना दोन्ही हातांनीं फेंकावयास लावलें. नेहमींच्या हातानें फेंकतांना मुलगे पुढें होते. पण दुसऱ्या हातानें, म्हणजे ज्या हाताला दोघांनींहि कधीं संवय दिली नव्हती त्या हातानें फेंकतांना, मुलगे व मुली यांच्यांत तसा फरक दिसला नाहीं. फरक केवळ शरीराचाच असता, तर तो दोन्ही हातांत दिसावयास हवा होता. पुढें २०१० सालीं जेरी थॉमस व त्यांचे सहकारी यांनीं ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या समाजांत फेंकण्याची जुनी परंपरा आहे. तेथेंहि मुलगे पुढें होतेच. परंतु दोघांमधील अंतर अमेरिकेंतील मुलांच्या मानानें कमी होतें. तेव्हां शरीराचा वांटा मुळींच नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण ज्याला आपण निसर्गाचा निर्णय समजतों, त्यांतला मोठा भाग आपणच लिहिलेला असतो, एवढें यावरून निश्चित दिसतें. म्हणून मुलीच्या पांचव्या वाढदिवसाला बाहुली अवश्य द्यावी. पण तिच्याबरोबर मुठींत मावेल असा एक चेंडूहि द्यावा, आणि तो कसा फेंकावयाचा तें दाखवावें.

माझी धाकटी नात पांच वर्षांची असतांना एके दिवशीं खेळून लवकर घरीं आली. "आजी, मला लगोरींत घेत नाहींत," ती म्हणाली. "कां ग?" "मला फेंकतां येत नाहीं. मी नुसती दगड रचते." मला एकदम तो पदराआड उभा राहणारा मुलगा आठवला. त्याच रात्रीं मीं सहा जुने पायमोजे शिवावयास घेतले. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या खोलींतली खुर्ची बाजूला सरे, भिंतीवर सतरंजी लटके, जमिनीवर बेडूक उमटे, आणि आमची शाळा सुरू होई. मीं नेमाचें नांव काढलें नाहीं. कोणालाहि पहावयास बसविलें नाहीं. नुसता आवाज मोजावयाचा. आज किती वेळां "धप्प" झालें, तें तिनें दिनदर्शिकेवर रेघा मारून लिहावयाचें. पहिला आठवडा ती भिंतीकडे तोंड करूनच उभी राही. तिसऱ्या आठवड्यांत पाऊल पडूं लागलें, पण उजवें. त्यावरून मीं तिला टोकलें नाहीं. बेडूक तेवढा थोडा डावीकडे सरकविला. साधारण सहा आठवड्यांनीं एके संध्याकाळीं असा आवाज झाला कीं स्वयंपाकघरांतून सूनबाई धांवत आल्या.

मग आम्ही दोघी खालीं आवारांत गेलों. मी बांकावर बसलें. गडी वांटणें चाललें होतें. नातीला पहिल्यांदा कोणीं उचललें असें मी सांगितलें, तर ती थाप ठरेल. ती शेवटून तिसरी होती. पण ती शेवटची नव्हती. तिची पाळी आली तेव्हां तिनें कूस वळविली, हात मागें नेला, आणि जेथें बेडूक नव्हता तेथेंहि बेडकावर पाय द्यावा तसें डावें पाऊल टाकलें. लगोरी पडली नाहीं. चेंडू सर्वांत वरच्या दगडाला घांसून पुढें गेला. पण कोणीं हसलें नाहीं, उलट म्होरका म्हणाला, "थोडक्यांत चुकला ग! परत ये, तुला अजून एक आहे." एवढे चार शब्द! माझ्या दृष्टीनें तेवढ्या शब्दांसाठींच ही सारी विद्या आहे. आपल्या प्रत्येक मुलाला मैदानावर नांव मिळेल असें नाहीं. मिळण्याची गरजहि नाहीं. पण "परत ये" असें दुसऱ्या मुलांनीं म्हणावें, एवढा अधिकार प्रत्येक मुलाचा आहे. आणि तो मिळवून देणें दहा मिनिटें, सहा पायमोजे व थोडा धीर एवढ्यावर अवलंबून आहे.

त्या पहिल्या मुलाला मात्र मी तो देऊं शकलें नाहीं. तो आतां मोठा गृहस्थ झाला असेल. कदाचित् त्याच्या घरींहि लहान मुलें असतील. तो आज हें भाषण ऐकत असेल, तर त्यानें आपल्या मुलासमोर टोपली ठेवूं नये, त्याला मोठी भिंत द्यावी, एवढीच माझी त्याला विनंति आहे. आणि आपणां सर्वांनाहि तीच विनंति करून मी आपली रजा घेतें.